पाव हातात ठेवून विचारलेला प्रश्न

धूर होतो, लाकडाची भट्टी बंद करून गॅसवर जा, अशी पालिकेची नोटीस पापडी गावातल्या माझ्या बेकरीला आली तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळत मी वर आलोय, ही भट्टी मला कुणी आंदण दिलेली नाही. तिकडे कचऱ्याचे ढीग पेटतात, वालीवच्या कारखान्यांत काय काय जाळतात, त्यांना कोण विचारतं? नियम सापडतो तो पाववाल्याला. हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

पण त्याच्या आदल्या पावसाळ्यात गोदामात पाणी शिरून माझी मैद्याची पोती भिजली होती. तेव्हा हवामान बिघडवणाऱ्या कारखान्यांना टाळं ठोका, असं गल्ल्यावर बसून सगळ्यात मोठ्याने मीच बोलत होतो.

नोटिशीवरच्या सुनावणीला येताना शेजाऱ्यांचं मतही घेऊन या, असं पालिकेतले साहेब म्हणाले. मी ते गल्ल्यावरच घ्यायला लागलो. गिऱ्हाइकाच्या हातात पावाची गरम लादी ठेवायची, वर दोन पाव जास्त, आणि विचारायचं, "आपल्या धुराचा त्रास होतो का हो?"

"छे! लाकडाच्या भट्टीचीच तर चव."

"गॅसवर गेलास की पाव महाग करशील. त्रास त्याचाच होईल."

मागच्या वाडीतल्या काकीचं घर तर धुराड्याला लागून. तीही म्हणाली, "नाही रे बाबा, धूर कसला?" म्हणून सुनावणीला मी तिलाच नेलं. साहेबांसमोर ती तेच बोलली आणि मला वर्षभराची मुदत मिळाली.

पुढे वाऱ्यात तिच्या वाडीतलं आंब्याचं झाड पडलं. लाकडाचा भाव करायला मी गेलो आणि पहिल्यांदाच तिच्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं. खिडकीवर जुनी साडी खिळे मारून ताणलेली, काजळीने काळी. बाहेर लख्ख ऊन असताना कपडे आत दोरीवर. कोपऱ्यात धुऊनपुसून ठेवलेला पाळणा.

"लेक येणार होती ना बाळंतपणाला?"

"नाही येत म्हणाली. इथं तिला दम लागतो."

"मग तेव्हा का नाही बोललीस, काकी?" मी ओरडलोच.

"हातात पाव ठेवून विचारलंस. काय बोलणार?"

"आणि साहेबांसमोर?"

"तिथं तू केलेल्या रिक्षातनंच गेले होते ना."

तिने लाकडाचा जो भाव सांगितला तो मी मुकाट्याने मान्य केला. तिने डोळे बारीक केले. "काय रे, तब्येत बरी आहे ना?"

गॅसच्या भट्टीवाल्याशी माझी घासाघीस अजून चालू आहे. तो खाली येत नाही, मी वर जात नाही. मुदत आहे म्हणून मलाही घाई नाही, आणि हेच मनाला खातं.

परवा काकी घराला कुलूप लावून लेकीच्या सासरी निघाली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून लादी घ्यायला गल्ल्यावर आली. मी सवयीने वर दोन पाव ठेवले. तिने आधी पावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

या वेळी मी काही विचारलं नाही. तिने ते दोन पाव उचलून परत गल्ल्यावर ठेवले.