ढकलत नेलेली मोटारसायकल
दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेसचा मला मनापासून कंटाळा आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडे लोक चढतात आणि चढल्या चढल्या उतरायची घाई करतात. कबूल करून टाकू, जुर्माना भरू, मोकळं होऊ. आदिलाबादेत इतकी वर्षं वकिली केली, पण या वाक्यापुढे माझं काही चालत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते चुकीचंही नसतं म्हणा. पण एक माणूस खरोखर निर्दोष होता, आणि त्याची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं.

तो शाळेची व्हॅन चालवायचा. माझी मुलगी पाचवीपासून त्याच्याच व्हॅनने जात होती. प्रत्येक घरापुढे तो खाली उतरून, दार नीट लागलं की नाही हे हाताने ओढून बघायचा. त्यामुळे व्हॅन रोज उशिरा यायची आणि मी रोज त्याच्यावर करवादायचे. गाव त्याचं जैनथकडचं. प्यायचा, पण सणावारी. त्याचा मेहुणा एकदा पिऊन गाडीसकट पुलाखाली गेला, तेव्हा बायकोने याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की पिऊन गाडीवर बसायचं नाही. या गड्याने ती शपथ शब्दशः पाळली. प्यायला की मोटारसायकल बंद ठेवायची आणि हँडल धरून थेट घरापर्यंत ढकलत न्यायची. गावातले लोक हसायचे. मीही हसले होते.

एका वर्षी पोळ्याला त्याच्या सासरी बैलांची पूजा झाली, जेवण झालं, पिणं झालं आणि हा भर उन्हात गाडी ढकलत निघाला. रस्त्यावर पोलिसांची तपासणी चालू होती. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, आकडा वर आला, कागदावर सही घेतली. कागद, आमच्या तेलंगणात असतो तसा, तेलुगूत होता. याला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. गाडी चालवत येताना पकडला, असं त्यात लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. शिक्षा झाली तर लायसन्स काही महिने बंद होणार होतं, आणि असा डाग लागला की व्हॅन दुसऱ्याला देऊ, असं शाळेने आधीच बजावलं होतं. मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला. एकदाची लढण्यासारखी केस आली होती. कायदा पिऊन गाडी चालवणाऱ्याला धरतो, चालवू बघणाऱ्याला धरतो. ढकलणाऱ्याला नाही. वळणावर बसणाऱ्या भाजीवालीने त्याला ढकलत येताना पाहिलं होतं, आणि ती साक्ष द्यायला तयार होती. मी त्याला तीनदा पढवलं. गुन्हा कबूल आहे का, असं विचारतील. नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं, पुढचं मी बघते. तिन्ही वेळा त्याने मान हलवली.

पेशीच्या दिवशी मी मोठा शहाणपणा केला. या केसेस जेवणाच्या सुट्टीआधी कधी निघत नाहीत, हा माझा अनुभव. म्हणून शेजारच्या कोर्टात एका वाटणीच्या दाव्यात तारीख घ्यायला गेले. परत आले तर इकडे सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी केसेस लवकर निघाल्या. सगळ्यांना भिंतीला लावून उभं केलं, आणि कोणीतरी नेहमीचा सल्ला दिला की हो म्हणाल तर दुपारच्या आत घरी जाल, नाही म्हणाल तर महिनोन् महिने खेटे घालाल. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मीसुद्धा हाच सल्ला किती जणांना दिलाय.

व्हरांड्यात मी त्याला फैलावर घेतलं. तीनदा सांगून काऊन हो म्हटलं, विचारलं.

"पेलो तर होतोच ना ताई," तो म्हणाला. "माह्या पुढचे सगळे हो म्हणून राह्यले होते. तुमी कुठं दिसल्या नाही. खुर्चीसमोर खोटं कसं बोलू?"

पायऱ्यांवर भाजीवाली बसली होती. दिवसभराचा धंदा सोडून आली होती बिचारी. आपल्याला कधी बोलावतील, असं तिने मला विचारलं. मी तिला घरी जायला सांगितलं आणि पुन्हा त्याच्यावरच ओरडले. ओरडायला हवं होतं स्वतःवर, हे तेव्हाही कळत होतं.

पुढे मी वर अर्ज केला. पण स्वतःच्या तोंडाने कबुली दिली की शिक्षा कमी करा, एवढंच मागता येतं. गुन्हाच केला नव्हता, हे कोण ऐकतो? सगळं वरातीमागून घोडं. व्हॅन गेली. नवा ड्रायव्हर गेटातूनच हॉर्न मारायचा, दाराला हातही लावायचा नाही. व्हॅन वेळेवर यायला लागली आणि त्याचाही मला राग यायचा.

गेल्या उन्हाळ्यात भीमपूरकडे एका लग्नाला गेले होते. दुपारच्या पंगती उठल्या होत्या. मांडवाबाहेर तो दिसला. आता मार्केटात कापसाच्या गाड्या उतरवतो, असं कानावर होतं. जवळ गेले तर वास आला. तो मोटारसायकलवर बसून किल्ली फिरवत होता.

"भाऊ, आज ढकलत नाही नेत?" मी विचारलं.

"ढकलली तरी तेच, बसलो तरी तेच. मंग पाय काऊन दुखवू?"

मला संताप आला. मी पुढे होऊन किल्ली काढून घेतली. तो चिडला नाही.

"ताई, त्या दिवशी कुठं होत्या तुमी?"

इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. शेजारच्या खोलीत होते, मी सांगितलं. एक तारीख घ्यायला, जी माझ्या ज्युनियरनेही घेतली असती. तो खाली उतरला, स्टँड काढलं आणि हँडल धरून गाडी ढकलायला लागला.

पुढच्या फाट्यावर पोलीस उभे असतात. किल्ली पर्समध्ये टाकली, लग्नाची साडी वर खोचली आणि मी त्याच्यासोबत निघाले. गाडी ढकलतच आणली, हे सांगायला या वेळी तरी मी जागेवर हवी होते.