एक पिशवी बियाणं आणि तीन मंजुऱ्या

माझी अक्कल एकदा कुठे चरायला गेली होती, ते सांगते. हसा खुशाल, पण चहा सांडू नका.

भालकीत आमचं बी-बियाण्यांचं दुकान. दुकानात माझा नवरा, सासरे म्हणजे मामा, आणि सगळ्यांच्या वर मामांचे थोरले भाऊ, अण्णा. कुणी शिंकलं तरी "अण्णाला इचारलास का?" असा कारभार! मी या घरातली बी.कॉम. झालेली सून. म्हटलं, हे बंद करायचं. बिलाचं नवं सॉफ्टवेअर आणलं.

सॉफ्टवेअरवाल्यानं फोनवर बजावलं, "मॅडम, ज्याचं जे काम, त्याला तेवढाच अधिकार द्या."

सोपं होतं की हो! मी बिल करणार, नवरा माल देणार, मामा गल्ला सांभाळणार. आणि अण्णांचं काम काय? खुर्चीवर बसून आम्हा सगळ्यांकडे बघणे. मी त्यांच्या नावापुढं "फक्त बघणे" निवडलं.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, ते चष्म्यावरून पाहिलं. "व्हय गं, लग्नाच्या पत्रिकेत बी थोरल्याचं नाव तळाला घालतीस का?"

झालं! माझ्यातली सून जागी झाली आणि बी.कॉम. झोपली. सगळ्यांना वयाप्रमाणे लावलं, अगदी पत्रिकेत लावतात तसं. वर अण्णा, मग मामा, मग नवरा, तळाला मी. मी केलेल्या बिलाला वरच्या तिघांनी ओळीनं मंजुरी द्यायची. आणि हे बदलायचा हक्क? फक्त सगळ्यांत वरच्याला. मान म्हणजे मान!

सुरुवातीला गिऱ्हाईक तुरळक होतं, चालून गेलं. मी बिल करायची, तिघं शेजारी बसून आपापल्या मोबाईलवर बोट दाबायचे. अण्णा तर दाबण्याआधी टोपी सरळ करायचे.

मग पेरणीची घाई उठली. दुकानापुढं ही गर्दी! आणि नेमके त्याच दिवशी अण्णा जवळच्याच मेहकर गावी, पाहुण्यांच्या नातवाच्या जावळाला गेलेले.

राजेश्वरहून आलेला एक शेतकरी सोयाबीनच्या पिशवीवर हात ठेवून उभा. मी बिल केलं. नवऱ्यानं दाबलं. मामांनी दाबलं. स्क्रीनवर आलं, अण्णांच्या मंजुरीची वाट पाहत आहे.

"अक्का, कामून थांबलात? रानाला वाफसा हाय, आजच पेरायचंय!"

"अण्णांची मंजुरी यायलीय."

"एका पिशवीला मंजुरी? बंदूक घ्यायलोय का काय मी?"

मागून कुणीतरी ओरडलं, "समोरच्या दुकानात लगेच मिळायलंय बगा!" आणि गर्दी सरकायला लागली. मी बाकीच्यांचीही बिलं करून ठेवली, तीही तिथंच अडकली! आमचा वर्षाचा धंदा याच चार दिवसांत. अण्णांना फोन लावला, परत लावला, उचलतील तर शपथ! शेवटी स्कूटी काढली आणि मेहकर गाठलं.

अण्णा पंगतीत बसलेले. उजवा हात गव्हाच्या गोड हुग्गीत, डावा हात पाहुण्यांना जग समजावून सांगण्यात. मोबाईल बंडीच्या खिशात वाजून वाजून गप्प झालेला.

"अण्णा, मंजुरी द्या! दुकान अडलंय!"

"हात खरकटा हाय, पोरी. काढ खिशातून, तूच दाब."

मग काय, अण्णांच्या पाठीमागं उकिडवी बसले आणि एकेक बिल मंजूर करायला लागले. माझीच बिलं, माझ्याच बोटानं! वाढपी माझ्या डोक्यावरून आमटीची बादली नेत होता. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "ही कोण हो?"

अण्णांनी छाती फुगवली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमची सून. लई शिकल्याली हाय. हिनं ते कंप्युटर बसवल्यापासनं माझ्याबिगर दुकानातली एक पिशवी हालत न्हाई!"