गायरानाची संमती

काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. परदेशातल्या एका कंपनीनं आपण सोडलेल्या धुराची भरपाई म्हणून आमच्या गायरानात झाडं लावायला घेतली. देशादेशांनी मिळून ठरवलेला नियम असा, की त्या जमिनीवर जगणाऱ्यांना आधी विचारायचं. आम्हाला विचारलं ते तारेचं कुंपण ठोकून झाल्यावर.

माझी विधवा आत्या त्याच गायरानात शेळ्या चारायची. नियम पाळला का ते बघायला गावच्या सभेला परदेशी तपासणीस बाई आली, सोबत कंपनीचा दुभाषी. आत्या उठून म्हणाली, "झाडं लावा, पन माज्या शेळ्या कुठं न्यायच्या? आमाला कुनी इचारलंच न्हाई."

दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, "झाडं लावल्याचा यांना फार आनंद आहे."

मी श्रीरामपूरला इंग्रजी शिकवते. त्या दिवशी गावी आले होते. उभी राहिले आणि आत्याचं बोलणं होतं तसं सांगितलं. बाईचा चेहरा उतरला. तिनं आत्याचा हात हातात घेतला, तक्रार लिहून घेतली. मला वाटलं, जिंकलो.

तक्रारीवर तोडगा निघाला. आत्याच्या मुलाला कुंपणाच्या राखणीची नोकरी मिळाली. खाकी शर्ट, शिट्टी, काठी.

उन्हाळ्यात बाहेर काडी उरली नाही, तेव्हा आत्याच्या शेळ्या तारेखालून आत घुसल्या. त्यानंच त्या हाकलत कोंडवाड्यात घातल्या. गाभण शेळीच्या पोटावर काठी बसली. सांजेला तिनं मेलेलं करडू टाकलं.

"आरं, आपल्याच शेळ्या हायेत," कोंडवाड्याच्या दारात बसून आत्या म्हणाली.

"म्हनूनच," तो म्हणाला. "तुला सोडलं तर उद्या सगळं गाव आत घुसंल."

उरलेल्या शेळ्या तिनं काष्टीच्या बाजारात विकल्या. आता ती त्याच कुंपणाच्या आत रोजानं रोपांना पाणी घालते.

बाई पुन्हा आली, तेव्हा मी गावीच होते. झाडांपुढं मायलेकांना उभं करून तिनं फोटो काढला आणि मला म्हणाली, "तक्रार मिटली का, विचारा ना."

मी विचारलं. आत्यानं लेकाकडं पाहिलं.

"मिटली म्हन."

"आत्या, खरं सांगू का?"

"मागं सांगितलंस की खरं."

मी मिटली म्हणून सांगितलं. बाईनं मनापासून माझे आभार मानले. आत्या केव्हाच बादली उचलून पुढच्या रोपाकडं गेली होती.