भीमाशंकरच्या सभामंडपात लागलेली झोप

देवाने एकदा बरे केले की ते कायमचे, अशी माझी समजूत होती. आठेक वर्षांपूर्वी माझे घोरणे इतके वाढले होते की झोपेत श्वास अडकायचा आणि मी दचकून उठायचे. पुण्याला घशाचे ऑपरेशन झाले, टॉन्सिल आणि टाळूचा सैल भाग काढला. पंधरा दिवस थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचे. पण नंतर सकाळची डोकेदुखी गेली आणि डिंगोरे गावच्या आमच्या मळ्यात मी दिवसभर कांदा काढू लागले.

गेल्या वर्षी मात्र बसल्या जागी डोळे मिटू लागले. एकदा नातीला मागे बसवून स्कूटी चालवताना डुलकी लागली आणि गाडी बांधावर चढली. लेकरू वाचले, पण मी आतून हादरले. घरात काही बोलले नाही. ‘देवा, दिलेले परत का घेतलेस?’ एवढेच मनात घोळत राहिले. तेच विचारायला मी मिस्टरांबरोबर भीमाशंकरला गेले.

दर्शन झाले. मिस्टर प्रसाद आणायला गेले आणि सभामंडपात टेकल्या टेकल्या मला झोप लागली. कोणीतरी खांदा गदागदा हलवत होते.

“ताई, उठा! झोपेत तुमचा श्वास थांबत व्हता. लई भ्याले मी.” माझ्याच वयाची, हिरव्या लुगड्यातली एक अनोळखी बाई होती.

“माझं तर ऑपरेशन झालंय,” मी म्हणाले.

“आमच्या मालकांचंबी झालं व्हतं. काही वर्सं बरं गेलं, मग पुना सुरू. आता नाकाला हवेचं मशीन लावून झोपत्यात. लाजू नका, तपासून घ्या.”

मिस्टर आले तेव्हा ती गर्दीत मिसळली होती. नाव विचारायचे राहूनच गेले. परतीच्या वाटेवर मी त्यांना स्कूटीसकट सगळे सांगितले.

झोपेची तपासणी झाली. रात्री श्वास अडकून झोपमोड होत होती, म्हणूनच दिवसा डुलक्या लागत होत्या. डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन वाया गेलं नाही. पण वय आणि वजन वाढलं की काहींना हा त्रास पुन्हा होतो. आता मशीनची जोड देऊ.” पहिले काही दिवस नाकावरच्या मास्कने जीव गुदमरला, मग सवय झाली. आता सकाळी अंग हलके असते, आणि नातीला मीच शाळेत सोडते.

ती बाई कोण होती, याचा खल मी करत नाही. तिच्या तोंडून मला उत्तर मिळाले. देवाने दिलेले परत घेतले नव्हते. ते जपायला पुढची वाट दाखवली होती. शरण जाणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, हे मला त्या मंडपात उमगले. रोज मास्कचा पट्टा नीट बसवते, हात जोडते आणि म्हणते, “माझं काम झालं, महादेवा. आता तुझं.” आणि निर्धास्त झोपते.