एकतीस काळ्या पावत्या

दुबईच्या पलीकडे उम्म अल कुवैनच्या एका सरकारी खात्यात हेमचंद्र गुप्ते सव्वीस वर्षं नकाशे सांभाळत होते. जमिनीचा कुठलाही तुकडा विचारा, गुप्ते डोळे मिटून कपाटाशी जाणार आणि नेमक्या नकाशावर बोट ठेवणार. पण माणसाला अभिमान कशाचा असावा याला काही नियम नाही. गुप्त्यांना अभिमान होता लॅमिनेशनच्या मशीनचा. खात्यातला एकूण एक नकाशा त्यांनी त्यातून काढला. नकाशे संपले तरी हात शिवशिवत राहिले, म्हणून घरची आरत्यांची पानं, शारजाच्या बसचं वेळापत्रक आणि बायकोच्या अनारशांची कृतीसुद्धा काढली. सुहासिनीबाई म्हणायच्या, "मी एका जागी स्वस्थ बसले तर मलाही घालतील त्यात."

स्वस्थ बसणं हे काही बाईंचं काम नव्हे. तिथल्या मराठी मंडळाच्या मंगळागौरीत त्या फुगडीला उभ्या राहिल्या की समोरचीचे पाय जमीन सोडायचे. पन्नाशी उलटली तरी दम तोच. बायका आधी बांगड्या काढून ठेवायच्या आणि मगच त्यांच्या हातात हात द्यायच्या. अशा बाईच्या उजव्या गुडघ्यातली गादी २००९ च्या जानेवारीत फाटली. फुगडी सोडा, साधा जिना चढायचा तर कठड्याला लटकावं लागे.

डॉक्टर म्हणाले, छोटं भोक पाडून ऑपरेशन करू, सहा आठवड्यांत चालायला लागाल. इंजेक्शनं, गोळ्या, व्यायाम यांत अख्खं वर्ष गेलं आणि शेवटी तारीख मिळाली तेरा डिसेंबरची. त्यानंतरची तारीख थेट जानेवारीतली. आणि जानेवारी गुप्त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मंदीचं वर्ष. साठी गाठलेल्यांची मुदत वाढवायची नाही असं खात्यानं ठरवलं होतं, त्यामुळे एकतीस डिसेंबरला गुप्त्यांची नोकरीही खलास आणि विम्याचं कार्डही खलास. शिल्लक टाकून शारजात जो फ्लॅट घेतला होता, तो टॉवर नवव्या मजल्यावर येऊन थांबला होता. गुप्त्यांचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूला होती. विम्याचा नियम. उपचाराचा पाचवा हिस्सा आपण भरायचा, पण कुटुंबानं वर्षाला चार हजार दिरहम भरले की पुढचं सगळं विम्याचं. गुप्त्यांना हा नियम फार आवडायचा. "गच्चीला कठडा असतो ना, तसा आहे हा," ते म्हणायचे. "वाऱ्यानं टोपी उडेल, माणूस नाही पडायचा." इंजेक्शनं, दोघांचं बीपी आणि गुप्त्यांची साखर मिळून त्यांनी तीन हजार सहाशे चाळीस भरलेले होते. ऑपरेशनला उरले फक्त तीनशे साठ. म्हणजे साडेचार हजार रुपये. पावत्या नसत्या तर पूर्ण चार हजार, म्हणजे पन्नास हजार रुपये, आणि तेवढे घरात नव्हते.

अट एवढीच होती की औषधांच्या दुकानात भरलेला हिस्सा पावती दाखवली तरच धरला जाई, आणि गुप्त्यांनी सगळे पैसे भरले होते ते त्यांच्या नेहमीच्या दुकानात, मुश्ताककडे. आणि गुप्ते म्हणजे गुप्ते. एकतीसच्या एकतीस पावत्या त्यांनी डब्यात जपून ठेवल्या होत्या.

दहा डिसेंबर, गुरुवार. ऑफिस रिकामं झालं. शनिवारी हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर जायचं होतं. पावत्या जरा चुरगळल्या होत्या, कोपरे दुमडले होते. असल्या चिटोऱ्या कुणापुढे ठेवायच्या? गुप्त्यांनी मशीन तापवलं, पावत्या ओळीनं प्लास्टिकमध्ये मांडल्या आणि शीळ घालत आत सरकवल्या.

दुकानाच्या पावतीचा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे सव्वीस वर्षं नकाशे सांभाळणाऱ्याला कोण सांगणार? सगळी पानं एकदम आत गेली होती. बाहेर आली ती गुळगुळीत, चकचकीत, पाण्यात बुडवली तरी खराब न होणारी, आणि शाळेच्या फळ्यासारखी काळी.

घरी आल्यावर त्यांनी ती टेबलावर मांडली आणि समोर उभे राहिले. सुहासिनीबाईंनी एक उचलली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

"छान टिकतील," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते दुखरा गुडघा धरून खाली बसेपर्यंत थांबेना.

"हसतेस काय? रविवारी ऑपरेशन आहे तुझं."

"अहो, मग रडून पांढऱ्या होणार आहेत का या? चला उद्या मुश्ताकभाईंकडे."

मुश्ताक मुरूडचा. वीस वर्षांची ओळख. शुक्रवारी नमाजानंतर त्यानं दुकान उघडलं, काळ्या पावत्या पाहिल्या आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "गुप्तेसाहेब, तुम्ही तर कमालच केलीत. पावती पुन्हा निघेल, पण माझ्या कॉम्प्युटरला नाव कळत नाही, तारीख कळते. तारखा सांगा, यल्ला, चला, एका मिनटात काढतो."

तारखा कुणाच्या लक्षात राहतात? गुप्ते स्टुलावर बसले. आणि सुहासिनीबाईंनी पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

आता हे कॅलेंडर काय होतं, ते ऐका. मुश्ताकच्या दुकानात वजनकाटा होता, फुकटचा. दर वेळी औषध घ्यायला आलं की बाई नवऱ्याला काट्यावर चढवायच्या आणि घरी जाऊन तारखेच्या चौकोनात वजन लिहायच्या. वर शेरा.

"चार फेब्रुवारी," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "एकोणऐंशी. भात कमी."

"भाभी, फक्त तारीख सांगा."

"एकोणीस फेब्रुवारी. ऐंशी. खोटं बोलले, ऑफिसात बिर्याणी झाली."

"माशाल्ला," मुश्ताक बटणं दाबत म्हणाला.

"दोन एप्रिल. एक्क्याऐंशी. आता काही बोलणार नाही."

दुकानात आलेली गिऱ्हाइकं औषध विसरून ऐकू लागली. एक पठाण ड्रायव्हर, ज्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, प्रत्येक आकड्याला गुप्त्यांच्या पोटाकडे पाहून मान हलवायचा. कागद मशीनमधून निघतच राहिला, काउंटरवरून खाली, काट्यावरून दारापर्यंत. एकतीसवी पावती निघाली तेव्हा टाळ्या पडल्या. सव्वीस वर्षांत गुप्त्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते उठून चक्क वाकले.

शनिवारी काउंटरवर शहनाझ नावाची मुलगी होती. तिनं पट्टी उलगडली, पेन घेऊन खाली उतरत गेली आणि मध्येच थांबली. "अंकल, ये इन्शुरन्स में नहीं आता. हेअर कलर. छह बार लिया है."

गुप्त्यांनी छताकडे पाहिलं. मंदी आल्यापासून खात्यात म्हणत होते की नोकरीवरून काढायला पांढऱ्या केसांची माणसं साहेब आधी बोलावतात. बायकोला काळजी नको म्हणून, ती काट्यावरचा आकडा वाचत असताना मुश्ताककडून गुपचूप घेतलेला कलप त्यांनी गाडीत दडवून, ऑफिसच्या बेसिनवर वर्षभर लावला होता.

"मला ठाऊक होतं," सुहासिनीबाई हळू म्हणाल्या. "उशीचे अभ्रे आपोआप काळे होतात का? वर्षभर तीन तीनदा धुतेय."

"बोलली का नाहीस?"

"छान दिसत होतात."

शहनाझनं खाली मान घालून दीडशे दिरहम वजा केले. तीनशे साठच्या जागी पाचशे दहा. गुप्त्यांनी भरले, आणि रविवारी ऑपरेशन झालं.

रथसप्तमीला शुक्रवार होता. आठवड्याभरात परतीचं विमान होतं, म्हणून निरोपाचं हळदीकुंकू त्यांच्याच घरी झालं. तिळगूळ झाला, वाण झालं, आणि बायका म्हणाल्या, आता एक फुगडी. पण नुकत्याच दुरुस्त झालेल्या गुडघ्याला धक्का द्यायची हिंमत कुणी करेना. तेव्हा स्वयंपाकघरातून गुप्ते बाहेर आले. डोकं मुळापासून पांढरं, कारण आता कुणाला दाखवायचं होतं?

"डॉक्टरांनी दोनच फेऱ्या सांगितल्यात," ते म्हणाले आणि हात पुढे केले. "सावकाश."

"तुम्ही एक्क्याऐंशी किलो आहात," बाई म्हणाल्या, आणि बांगड्या काढून ठेवल्या.

पहिली फेरी सावकाश झाली. दुसरीला गुप्त्यांचे पाय जमीन सोडू लागले. तिसरी कुणी मोजली नाही.