झीनतचाचीचं मायसेल्फ

सोलापुरात कुणाला इंग्रजीतून ओळख करून द्यायची झाली, की गाडी 'मायसेल्फ'पासूनच सुटते. शाळेचे गणवेश शिवण्यात अर्धं आयुष्य गेलेली झीनतचाची याला अपवाद कशी असेल? टोरांटोत वाढणारी नात, माहेनूर, फोनवर पहिल्यांदा दिसली तेव्हा हिनं ऐटीत "मायसेल्फ दादी" म्हटलं. पोरगी खुदकन हसली आणि पळाली. तेव्हापासून चाचीचा मुलगा गुफरान मधे बसून दोघींना एकमेकींचं बोलणं सांगायचा. चाचीला मुलाच्या तोंडून कळणारी नात नको होती. तिला नातीशी स्वतः बोलायचं होतं.

म्हणून शाळेत शिकवणारी शेजारची पायल संध्याकाळी तिच्या शिलाई मशीनपाशी येऊन बसू लागली. नाव सांगताना 'आय ॲम' म्हणायचं, 'मायसेल्फ' आपलं आपणच काही केलं तर, हे तिनं घोकून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं गल्ली म्हणाली. चाचीनं गल्लीला भीक घातली नाही. एकदा पायलनं मनानं वाक्यं करायला सांगितली.

"आय टॉक टू मायसेल्फ," चाची म्हणाली. "आय लिव्ह बाय मायसेल्फ. बरुबर हाय न्हवं?"

बरोबरच होतं. पायलला शाबासकी काही देववेना.

या घरात जेवण एकाच मोठ्या तबकात, सगळ्यांनी भोवती बसून. नवरा अल्लाला प्यारा झाला, मुलगा परदेशी गेला, तबक तेवढंच राहिलं. एकटीपुरती ताटली घ्यायला तिचं मन धजत नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर ती भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन तबकापाशी बसली, तोच फोन आला. तिकडं सकाळ होती.

माहेनूरला तबक दिसलं. "दादी, डू यू ईट ऑल बाय युवरसेल्फ?"

"अम्मी, खाना कैसा है पूछ री," गुफरान घाईनं म्हणाला.

चाचीला प्रश्न कळला होता. आजवर मुलानं असे किती प्रश्न गोड करून सांगितले असतील, तेही कळलं. त्याचा उतरलेला चेहरा बघून तिनं ओठावरचं 'येस' गिळलं.

"नो," ती म्हणाली. "आय वेट फॉर यू."

"वेट, दादी," म्हणत पोरगी आपली वाटी आणायला आत पळाली. गुफराननं मान खाली घातली. चाचीला भूक लागली होती. पण चटणी लावलेला घास हातात तसाच धरून ती नात परत यायची वाट बघत बसली.