वाइसात धरलेली कात्री

१२ डिसेंबर. मोरीतल्या पिंपाचं पत्र्याचं झाकण गंजून फाटलं होतं, ते नवीन करायचं होतं. बाजारात प्लास्टिकचं आयतं मिळालं असतं. पण बाबा म्हणाले, "मी करतंय." मग प्रश्न झाकणाचा उरलाच नाही.

माझे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या आमच्या गॅलरीत त्यांनी एक टेबल टाकलं, त्याला वस्तू घट्ट धरणारा लोखंडी वाइस आवळला आणि चाळीतल्या निम्म्या घरांचे डबे, कड्या, बिजागऱ्या तिथे दुरुस्त केल्या. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला; उजव्या हाताची मूठ काही आवळेना. तेव्हापासून त्या टेबलावर कांदे-बटाटे होते.

आधी मी पत्रा कापायची हलकी, स्प्रिंगची कात्री आणली. दोनदा चालली, तिसऱ्यांदा हातातून पडली.

"कात्री बरी आसा गो," बाबा म्हणाले, "हातच भाड्याचो गावलो." हसले. त्या दिवशी जेवले मात्र नाहीत.

पुढच्या शनिवारी मी नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात गेले. दुकानदाराने पत्रा कापायचा विजेचा ग्राइंडर पुढे केला.

"साहेबांना सांगा, एका मिनिटात गोल कापून होईल."

साहेब कोणी नाहीत, मलाच सांगा, म्हटलं. ग्राइंडरला दोन घट्ट हात लागतात, ठिणग्या उडतात. तो नको. "मूठ वळत नाही अशा माणसाला काय द्याल?"

मागे खिळे तोलत बसलेला म्हातारा बोलला, "घरी लांब दांड्याची जुनी कात्री असेल ना, बाई? मग नवी कशाला? खालचा दांडा वाइसात आवळा, वरचा तळव्याने दाबायचा. मूठ लागतच नाही."

रिकाम्या हाताने घरी आले. पलंगाखालची बाबांची जुनी कात्री काढून वाइसात धरली. बाबांचा चेहरा उतरला.

"ही शिकाऊ उमेदवारांची रीत. गिरणीत आम्ही हसायचो तेंका."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"फिटराक माहीत नसात?"

"नऊ महिने बोलला नाहीत!"

"तू हसलं असतंस."

"मी काय फिटर आहे? कांदे उचला."

वरचा दांडा परत उचलायला जमेना, म्हणून त्याला चिंधीचा फास बांधला आणि त्यात त्यांचं मनगट अडकवलं. डाव्या हाताने पत्रा सरकवत, उजवा खांदा टाकत त्यांनी कापायला घेतलं. पाऊण तास लागला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय हो, हे झाकण की भाकरी?"

"तुमच्या भाकरीपेक्षा गोल आसा," बाबा म्हणाले, आणि रात्री दोनदा भात मागून घेतला.

सोमवारी सकाळी मी झाकणाच्या कडा कानशीने घासल्या आणि ते पिंपावर बसवलं. एका बाजूने बोटभर कमी पडत होतं. तिथे पाट ठेवला. कांदे-बटाट्यांना मोरीजवळ टोपली केली, वाइस तसाच आवळलेला ठेवला, काकूंचा गळका डबा टेबलावर आणून ठेवला आणि ऑफिसला गेले.